संघराज्याविना संघन्यायाधीश : मुकुंदराव जयकर

डॉ. मुकुंदराव रामराव जयकर (१८७३–१९५९) यांचे स्मरण पुण्यात होते ते येथील विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून. फेडरल कोर्टातील त्यांची कारकीर्द मात्र सहसा एका वाक्यात उरकली जाते. ती अल्प होती हे खरे. परंतु नगण्य खचित नव्हती.

गोलमेज परिषदेत सप्रूंसमवेत संघराज्याच्या कल्पनेचा पुरस्कार करणाऱ्यांत जयकर अग्रभागी होते. १९३५ च्या कायद्याने त्या कल्पनेस रूप दिले. पण त्यास एक अट होती. संस्थानांच्या वाट्यास आलेल्या वरिष्ठ सभागृहातील १०४ जागांपैकी किमान ५२ जागांची हक्कदार, आणि एकूण संस्थानी प्रजेपैकी निम्मी प्रजा असलेली संस्थाने सामील झाल्याखेरीज संघराज्य अस्तित्वात येणार नव्हते. ती अट कधीच पुरी झाली नाही. किकवी हे गाव आज ज्या तालुक्यात मोडते ते भोरही संस्थान म्हणून त्यात आले नाही. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

न्यायालय तेवढे आधी स्थापन झाले. १ ऑक्टोबर १९३७ पासून सर मॉरिस ग्वायर, सर शाह मुहंमद सुलेमान व जयकर हे तिघे दिल्लीत न्यायासनावर बसू लागले, आणि तेही नरेंद्रमंडळाच्या दालनात! ज्यांची वाट पाहावयाची, त्यांच्याच घरी हे न्यायालय भरत होते.

संघराज्य नसले तरी प्रांत आणि केंद्र यांतील वाद खरे होते. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसविला. हे प्रच्छन्न उत्पादनशुल्क असून ते केंद्राचे होय, असे हिंदुस्थान सरकारचे म्हणणे. प्रश्न न्यायालयाकडे अभिप्रायार्थ आला. डिसेंबर १९३८ मध्ये तिन्ही न्यायाधीशांनी प्रांताचा कर वैध ठरविला. उत्पादनावरील शुल्क निराळे, विक्रीवरील कर निराळा, हा भेद येथे स्थिर झाला. प्रांतांना उत्पन्नाचे एक भक्कम साधन यामुळे लाभले.

१९३९ साली जयकर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. पुढे डिसेंबर १९४६ मध्ये घटनासमितीत त्यांनी सुचविले की, मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत उद्दिष्टांचा ठराव लांबणीवर टाकावा. ही सूचना अनेकांना रुचली नाही. पण घटकांवाचून उभारलेल्या संघराज्याचे काय होते, हे न्यायासनावरून पाहिलेल्या माणसाची ती सूचना होती, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यावयास हवे होते. ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तरी पेट्रोल त्याबाहेरच ठेवण्यात आले. किकवीवरून जाणाऱ्या पुणे–सातारा महामार्गावर आज पेट्रोल घेणारा प्रवासी केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा विक्रीवरील कर, असे दोन्ही भरतो.