सेवाग्रामचा खादी-नियम

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांनी खादीचे कपडे वापरावेत असा नियम आहे. संस्थेच्या आचारसंहितेचाच तो एक भाग होय. शाकाहार, मद्य व तंबाखूचा त्याग, श्रमदान आणि शुक्रवारची सर्वधर्म प्रार्थना ही या संहितेतील इतर अंगे आहेत. संस्थेने पोशाखावर कितपत बंधन घालावे आणि ते कोणावर घालावे, या व्यापक वादात हा नियम वेगळे उदाहरण ठरतो. कारण येथे बंधनाचा हेतू सभ्यता किंवा एकरूपता हा नसून कापड कोणी व कसे विणले याच्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

1921 साली विनोबा भावे वर्ध्यास आले आणि तेथील सत्याग्रहाश्रमात सूतकताई हा दिनक्रमाचा भाग बनला. महात्मा गांधी 1936 मध्ये सेवाग्रामला राहावयास आले. त्यापूर्वीच खादी ही राजकीय सदस्यत्वाची अट बनली होती. 1924 च्या बेळगाव अधिवेशनानंतर काँग्रेसच्या सभासदाने दरमहा 2,000 वार सूत द्यावे आणि पक्षाच्या कार्यक्रमांत खादी वापरावी असे ठरले. हा नियम फार काळ टिकला नाही. पुढील वर्षीच सुताऐवजी चार आणे वर्गणी देण्याचा पर्याय खुला करण्यात आला.

सक्तीने घातलेली खादी केवळ गणवेश बनते, ही अडचण खुद्द गांधीजींनाही जाणवत होती. 1944 मध्ये सेवाग्राम येथे चरखा संघाच्या पुनर्रचनेची चर्चा झाली, तेव्हा जो कातेल त्याने घालावे आणि जो घालेल त्याने कातावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यानंतर खादीच्या किमतीचा काही अंश सुताच्या रूपाने घेण्याची पद्धतही सुरू झाली. विक्रीच्या दृष्टीने ती गैरसोयीची होती. पण कापड विकत घेऊन तत्त्व पाळल्याचे समाधान मिळवण्याची वाट तिने काही अंशी बंद केली.

संस्थेतील स्वरूप

गांधीजींच्या वैद्यक व पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ही संस्था स्थापन केली. कस्तुरबा हेल्थ सोसायटी ती चालवते. नव्या विद्यार्थ्यांचे अभिमुखता शिबिर आश्रमात भरते. तेथे त्यांना सूतकताई व आश्रमाच्या दिनक्रमाची ओळख करून दिली जाते.

पूर्वी संस्थेची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होती आणि तीत गांधीविचारावर एक प्रश्नपत्रिका असे. त्यामुळे येणारा उमेदवार निदान नियम ठाऊक असूनच येत असे. देशव्यापी ‘नीट’ परीक्षा लागू झाल्यावर ही व्यवस्था संपली. आता प्रवेश गुणानुक्रमाने मिळतो. ज्याला वैद्यकीय जागा हवी आहे, त्याने खादी स्वीकारली की केवळ अट मान्य केली, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार झाला आहे. गिरणीच्या कापडापेक्षा खादी सामान्यतः महाग असते आणि धुणे-इस्त्रीची मेहनतही अधिक मागते, हा व्यावहारिक आक्षेपही गौण नाही.

रुग्ण व त्यांचे नातेवाईक मात्र या संहितेच्या कक्षेत येत नाहीत. ग्रामीण भागातून आलेला रुग्ण कोणत्या कापडात आला आहे, यावर उपचार अवलंबून नसतात. सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्यातील ही रेषा नियमाच्या समर्थनात महत्त्वाची आहे.

इतर क्षेत्रांशी तुलना

हीच रेषा विमान कंपन्यांच्या वादांत वारंवार पुसट होताना दिसते. ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबई विमानतळावर इंडिगोने एका महिलेला तिच्या आखूड पोशाखामुळे विमानात चढू दिले नाही. ती कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या सवलतीच्या तिकिटावर प्रवास करीत असल्याने तिला पोशाखाचा नियम लागू होतो, अशी कंपनीची भूमिका होती. मार्च 2017 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे लेगिंग्ज घातलेल्या दोन मुलींना अडवताना युनायटेड एअरलाइन्सनेही असेच स्पष्टीकरण दिले आणि पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रवाशांना ही बंदी नसल्याचे सांगितले. याउलट स्पिरिट एअरलाइन्सने जानेवारी 2025 मध्ये पारदर्शक अथवा अपुरे कपडे घातलेल्या कोणत्याही प्रवाशाला नाकारता येईल असे कलम आपल्या प्रवासकरारात स्पष्ट केले. भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमावलीत बेशिस्त प्रवाशांचे तीन स्तर आहेत. शाब्दिक गैरवर्तन, शारीरिक गैरवर्तन आणि जिवाला धोका हे त्यांचे आधार असून पोशाख हा त्यांत स्वतंत्र निकष नाही.

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांना जीन्स व टी-शर्ट वापरण्यास मनाई केली आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरण्यास सांगितले. येथेही बंधन कर्मचाऱ्यांवर होते, कार्यालयात येणाऱ्या नागरिकांवर नव्हे.

न्यायालयीन संदर्भ

सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या ‘नालसा’ निकालात, लिंगओळखीच्या संदर्भात, पोशाखाची निवड हा संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. चेंबूर येथील एका महाविद्यालयाच्या पोशाखनियमाविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये फेटाळली; ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील बंदीपुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली.