ग्लिसरीन की हायलुरॉनिक? त्वचेच्या ओलाव्याची अडीचशे वर्षं

आजचा विषय तुमच्या आरशासमोरच्या फळीवरच ठेवलेला आहे. औषधाच्या दुकानातून आणलेली ग्लिसरीनची बाटली, बहुतेक आईची. शेजारी ड्रॉपरवाली छोटी काचेची बाटली, हायलुरॉनिक ॲसिड सिरमची, बहुतेक तुमची. आणि मागे कुठेतरी व्हॅसलीनची डबी, ती अख्ख्या घराची. तिघींचा दावा एकच, त्वचा कोरडी पडू देणार नाही. मग किमतीत एवढा फरक कशाला? आणि आपण नक्की काय लावायचं? याचं उत्तर जाहिरातीपेक्षा इतिहासात चांगलं सापडतं. चला तर.

गोड चवीचा द्रव

साल १७७९, देश स्वीडन. कार्ल विल्हेल्म शीले हा रसायनशास्त्रज्ञ ऑलिव्ह तेल आणि शिशाचं ऑक्साइड एकत्र तापवत होता. त्यातून त्याला एक घट्टसर द्रव मिळाला आणि तो चवीला चक्क गोड निघाला. हो, त्या काळी रसायनं चाखून बघायचे. आपण हे करायचं नाही! पुढे १८११ मध्ये मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानं ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘ग्लिसरीन’ नाव दिलं.

साबण करताना तेलातून ग्लिसरीन आपोआप सुटतं. म्हणजे साबण जितका जास्त, तितकं ग्लिसरीन जास्त. ते स्वस्त झालं ते यामुळे. ते हवेतला ओलावा ओढून घेतं हेही लोकांच्या लक्षात आलं आणि फुटलेल्या हातांवर ते लावलं जाऊ लागलं.

पण त्याला दुसरं आयुष्यही मिळालं. १८४७ मध्ये अस्कानियो सोब्रेरो या इटालियन रसायनशास्त्रज्ञानं ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन बनवलं आणि १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेलनं त्यातूनच डायनामाइटचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात तर अमेरिकेतल्या गृहिणींना सरकारनं सांगितलं की तळणातली उरलेली चरबी फेकू नका, खाटकाकडे नेऊन द्या. तिच्यातून ग्लिसरीन आणि ग्लिसरीनमधून स्फोटकं! १९४२ मध्ये डिस्नेनं मिनी माऊस आणि प्लूटोला घेऊन यावर एक छोटी प्रचारफिल्मसुद्धा काढली. आईच्या बाटलीचा हा इतिहास ऐकून जरा आदर वाढला ना?

तेलविहिरीतली डबी

आता डबीकडे येऊ. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला खनिज तेल लागलं. रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ तिथे पोचला. विहिरीच्या दांड्यांवर एक चिकट मेण साचायचं. कामगार त्याला वैतागलेले असायचे, पण भाजलं-कापलं की तेच लावायचे. चेसब्रोनं ते शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये ‘व्हॅसलीन’चं पेटंट घेतलं. त्याला वाटलं, हे जखम बरी करतं. खरं तर व्हॅसलीन फक्त झाकण घालतं, आतलं पाणी उडू देत नाही आणि बाहेरची घाण जखमेत जाऊ देत नाही. बाकीचं काम शरीर करतं.

एका प्रयोगानं चित्र पालटलं

हजारो वर्षं माणसाची समजूत एकच होती, त्वचा कोरडी म्हणजे तेल कमी. आपल्याकडचं थंडीतलं तेलमालीश घ्या, नाहीतर दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावानं ओळखलं जाणारं मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबपाण्याचं क्रीम घ्या. भर तेलावरच.

मग १९५२ मध्ये आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकानं एक साधा प्रयोग मांडला. त्यानं पायाच्या घट्ट्याची कडक, वाळलेली कातडी घेतली आणि तेलात, व्हॅसलीनमध्ये ठेवली. कातडी कडकच राहिली. पाणी मिळालं तेव्हा मात्र ती मऊ झाली. मंडळी, इथे जरा थांबा. त्वचा मऊ ठेवतं ते पाणी. तेलाचं काम ते पाणी आत अडवून ठेवण्याचं. पाणी आणणं आणि पाणी अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानात गोंधळ होतो तो नेमका इथेच.

गाईचा डोळा ते काचेची बाटली

आता आपली महागडी पाहुणी. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक जेलीतून एक नवा पदार्थ वेगळा केला. ‘काच’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं हायलुरॉनिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी ते भाजत नाही. ते आपल्या त्वचेत आणि सांध्यांतही असतंच.

एंड्रे बालाझ या हंगेरियन शास्त्रज्ञानं पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढून अतिशय शुद्ध केलं. १९८० मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचं औषध बाजारात आलं. थोडक्यात, हा पदार्थ ऑपरेशन थिएटरमधून आला. महाग, दुर्मीळ, डॉक्टरी. नंतर जिवाणूंकडून आंबवून तो बनायला लागला, उत्पादन वाढलं आणि तो सिरममध्ये उतरला. पण रुबाब तसाच राहिला.

आता कामाची गोष्ट. हायलुरॉनिकचा नैसर्गिक रेणू अवाढव्य, लाखो डाल्टनचा. ग्लिसरीनचा फक्त ९२ डाल्टनचा. मोठा रेणू मुख्यतः वरच बसतो, तिथे पाणी धरतो, चेहरा लगेच टवटवीत दिसतो. छोटं ग्लिसरीन आत शिरतं. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हारा आणि व्हर्कमन यांनी अशा उंदरांवर प्रयोग केला ज्यांच्या त्वचेत ग्लिसरीन वाहून नेणारं प्रथिनच नव्हतं. त्यांची त्वचा कोरडी होती. ग्लिसरीन पुरवल्यावर ती सुधारली. म्हणजे आईची बाटली मागासलेली वगैरे अजिबात नाही.

तिसरा धागा सेरामाइडचा. पीटर इलायस यांच्या कामामुळे त्वचेचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा समजला जाऊ लागला. पेशी म्हणजे विटा आणि मधला चुना सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडचा. चुना निघाला की भिंत गळते. अशा वेळी नुसतं पाणी ओतून काय उपयोग?

मग तुमच्यासाठी काय?

तेलकट त्वचा: तेलकट म्हणजे ओलसर असं समजू नका. तेल भरपूर आणि पाणी कमी, असंही होतं. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिकचं हलकं जेल घ्या. जाड, चिकट क्रीम टाळा.

कोरडी त्वचा: नुसतं सिरम पुरणार नाही. पाणी ओढणारं काहीतरी, त्यावर सेरामाइडचं क्रीम, आणि भेगा पडणाऱ्या जागी रात्री व्हॅसलीनचा पातळ थर.

नाजूक, लगेच लाल होणारी त्वचा: घटक जितके कमी तितकं बरं. सुगंधी काही नको. सेरामाइडवालं साधं क्रीम आधी हातावर लावून बघा.

मिश्र त्वचा: कपाळ-नाकावर जेल, गालांवर क्रीम. एकाच चेहऱ्याला दोन नियम चालतात.

आणि हवा विसरू नका. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ग्लिसरीनला ओढायला बाहेरच ओलावा मिळतो. नागपूरचा मे महिना किंवा दिवसभर एसीचं ऑफिस असेल तर बाहेर ओलावा नाही, मग ते आतल्या थरातलं पाणी वर ओढू शकतं आणि ते उडून जातं. म्हणून चेहरा किंचित ओला असतानाच लावा आणि वरून क्रीमनं झाका. निव्वळ ग्लिसरीन चेहऱ्यावर थेट नको. पाण्यात किंवा गुलाबपाण्यात पातळ करा, आजी करायची तसं.

पुढच्या वेळी सिरम घेताना बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. जास्त प्रमाणातले घटक आधी येतात. समोर मोठ्या अक्षरात हायलुरॉनिक असलं, तरी यादीत बऱ्याचदा पाण्यानंतर लगेच आपलं जुनं ग्लिसरीन बसलेलं दिसेल. तेव्हा पैसे नक्की कशाचे देतोय ते ठरवा. आणि खाज, चिरा, पुरळ हटतच नसेल तर प्रयोग थांबवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

तुमच्या बाटलीच्या यादीत पहिले तीन घटक कोणते निघाले, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!