नरभक्षकाची शिकार आणि शिकारीचें हंसें

गांवावर एखादें हिंस्र जनावर चालून येतें, माणसें एकामागून एक मरूं लागतात, घाबरलेले गांवकरी अंमलदाराकडे धांव घेतात, अंमलदार वरिष्ठांकडे कागद पाठवितात आणि अखेरीस दूरदेशचा कोणी नामांकित शिकारी मोठ्या थाटानें दाखल होतो, ही कथा जगांतील बहुतेक भाषांत आढळते. चित्रपटांनीं तर तिचा एक ठराविक सांचाच करून टाकला आहे. त्यांत भयाच्या जोडीला हास्यहि असतें. आणि तें हास्य जनावराविषयींचें नसतें, त्याच्यामागें धांवणाऱ्या माणसांविषयींचें असतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला, अमित मसुरकर ह्यांनीं दिग्दर्शित केलेला ‘शेरनी’ हा हिंदी चित्रपट ह्याच जातीचा होय. विद्या बालन ह्यांनीं त्यांत एका वनाधिकारी स्त्रीची भूमिका केली आहे. एकीकडे वाघीण, दुसरीकडे राजकारणांत गुंतलेले पुढारी, तिसरीकडे बढाईखोर शिकारी, असा तो पट पाहतांना प्रेक्षक हंसतात आणि हंसतां हंसतां अस्वस्थ होतात. तो पाहून पुष्कळांस महाराष्ट्रांतीलच एका घटनेची आठवण झाली. ती घटना २०१६ ते २०१८ ह्या काळांत यवतमाळ जिल्ह्यांत घडली. आणि कोणाहि पटकथालेखकास जें लिहिण्याचें धाडस झालें नसतें, तें तेथें प्रत्यक्ष घडलें.

परंतु यवतमाळकडे वळण्यापूर्वीं ह्या कथेचा एक जुना अवतार पाहणें उपयोगाचें होईल. फ्रान्सच्या दक्षिणेस जेव्होदां नांवाचा डोंगराळ प्रांत होता. तेथें १७६४ ते १७६७ ह्या तीन वर्षांत लांडग्यासारख्या एका जनावरानें सुमारें शंभर माणसांचे बळी घेतले. मरणारीं बहुतेक गुरें राखणारीं मुलें आणि स्त्रिया होतीं. मेंद येथील बिशपनें पत्रक काढून ही देवाची शिक्षा असल्याचें सांगितलें. सरकारनें घोडेस्वारांचें पथक धाडलें. जनावर स्त्रियांवर झडप घालतें असें दिसल्यावरून त्यांतील कांहीं शिपायांनीं बायकी पोशाख चढविला. पण जनावर त्या सोंगास भुललें नाहीं. पुढें खुद्द राजाचा बंदूकधारी फ्रांस्वा आंत्वान आला. सप्टेंबर १७६५ मध्यें त्यानें एक मोठा लांडगा मारला. त्यांत पेंढा भरून तो व्हर्सायच्या राजवाड्यांत मिरविण्यांत आला. दरबारापुरती कथा तेथें संपली. जेव्होदांत मात्र थोड्याच महिन्यांत पुन्हां माणसें मरूं लागलीं. अखेर जून १७६७ मध्यें झां शास्तेल ह्या स्थानिक माणसाच्या गोळीनें त्या प्रकरणाचा शेवट झाला. राजधानींत जी करमणूक होती, ती डोंगरांतील घरांत सुतक होतें. हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आपल्या देशांत इंग्रजी अमलाखालीं वाघाची शिकार हा राज्यकारभाराचाच एक भाग बनला. वाघ मारणारास सरकारी बक्षीस मिळे. १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा वाघाच्या शिकारीसाठीं प्रसिद्ध होता, आणि त्या कीर्तीचा उपयोग त्यास आपला वचक बसविण्यासाठींहि झाला. जो वाघापासून राखतो तोच राजा, ही समजूत साहेबानें अचूक ओळखली होती. पुढें जिम कॉर्बेटनें १९०७ सालीं कुमाऊंतील चंपावतची वाघीण मारली. नेपाळ व कुमाऊं मिळून तिनें ४३६ माणसें मारल्याचा आंकडा त्यानें नोंदविला आहे. परंतु त्याच कॉर्बेटनें तिचा जबडा तपासून असें पाहिलें कीं, तिचे एका बाजूचे वरचे व खालचे सुळे पूर्वींच्या कोणा शिकाऱ्याच्या गोळीनें मोडलेले होते. नेहमींची शिकार करणें तिला अशक्य झालें होतें. राक्षस मारणारा हात जसा माणसाचा होता, तसा राक्षस घडविणारा हातहि माणसाचाच होता.

शिकाऱ्याची वाट पाहण्यापूर्वीं गांवें काय करीत होतीं, हें कोंकणांत पाहावयास मिळतें. रायगड जिल्ह्याच्या रोहे तालुक्यांत, मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडच्या अलीकडे खांब हें गांव आहे. तेथून पश्चिमेकडे रोहे-मुरूडच्या डोंगरांत फणसाडचें अभयारण्य लागतें. तें रान एके काळीं जंजिऱ्याच्या नबाबाचें राखीव शिकारीचें होतें. १९८६ सालीं त्याचें अभयारण्य झालें. पट्टेदार वाघाची वस्ती तेथें आतां राहिली नाहीं; बिबट्या मात्र आहे. कोंकणच्या बोलींत दोघांसहि ‘वाघ’च म्हणतात, आणि वाघोबा हा देवहि दोघांचा मिळून एकच. ठाणें, पालघर व मुंबई उपनगर ह्या भागांत वारली समाजांत झालेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत वाघोबाचीं दीडशेंहून अधिक स्थानें नोंदलीं गेलीं. दगडावर किंवा लांकडी फळीवर वाघाची आकृति, तिच्यासोबत चंद्र-सूर्य; वर्षांतून एकदां पूजा आणि नैवेद्य. देव रागावला तर गुरें नेतो, संतुष्ट असला तर राखतो, अशी श्रद्धा. ह्या श्रद्धेनें बिबट्याचे दांत बोथट होत नाहींत, हें उघड आहे. परंतु भयास वर्षाच्या क्रमांत एक जागा मिळते. वाघ हा अकस्मात् उपटलेला राक्षस ठरत नाहीं. तो एक धोकेबाज शेजारी ठरतो, आणि शेजाऱ्याशीं कसें वागावें ह्याचे कांहीं नियम असतात.

स्वातंत्र्यानंतर हा सारा संबंध कायद्यानें नव्यानें बांधला गेला. १९७२ सालीं वन्य जीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्यें व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. वाघ मारणारास बक्षीस देणारें सरकार आतां वाघ मारणारास शिक्षा करूं लागलें. ह्या कायद्याच्या अकराव्या कलमांत ‘नरभक्षक’ हा शब्द नाहीं. मानवी जीवितास धोकादायक झालेला प्राणी पकडतां, बेशुद्ध करतां किंवा अन्यत्र हलवितां येत नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकानें लेखी आज्ञेनें त्यास मारण्याची परवानगी द्यावी, असें तें कलम सांगतें. संरक्षणाचें फळ दिसूं लागलें. गणनेनुसार २००६ सालीं महाराष्ट्रांत १०३ वाघ होते. २०१८ मध्यें ते ३१२ झाले आणि २०२२ मध्यें ४४४. पण वाघ वाढले तसें रान वाढलें नाहीं. अभयारण्याच्या सीमा कागदावर असतात. तरुण वाघ त्या वाचीत नाहीं. तो झुडपी जंगलांत, कापसाच्या शेतांत, नाल्याच्या कांठीं आपली हद्द शोधतो, आणि तेथें माणूस आधींपासूनच असतो.

यवतमाळच्या पांढरकवडा वनविभागांत हेंच घडलें. जून २०१६ मध्यें बोराटी गांवची एक वृद्ध स्त्री वाघाच्या हल्ल्यांत मरण पावली. पुढील सव्वादोन वर्षांत राळेगांवच्या आसपासच्या गांवांतून अशा मृत्यूंची संख्या तेरावर गेली; एकट्या ऑगस्ट २०१८ मध्यें तिघे गेले. मरणारे शेतकरी व गुराखी होते. वनखात्यानें ज्या वाघिणीवर संशय घेतला तिचें खात्यांतील नांव ‘टी-वन’. शहरांतील प्राणिप्रेमी मंडळींनीं तिला ‘अवनी’ म्हटलें. तिला सुमारें दहा महिन्यांचीं दोन पिल्लें होतीं. त्याच टापूंत एक नर वाघहि वावरत होता, म्हणून तेराही मृत्यूंचा दोष तिच्या एकटीवर टाकावा कीं नाहीं, हा वाद अखेरपर्यंत राहिला. गांवकऱ्यांपुढें मात्र प्रश्न साधा होता. कापूस उभा आहे, गुरांस चारा हवा आहे, रात्रीं पिकाची जागल करावयाची आहे. मग घराबाहेर पडावें कीं न पडावें? सूर्य मावळण्यापूर्वींच शेतें ओस पडूं लागलीं.

सप्टेंबर २०१८ मध्यें वनखात्यानें वाघिणीस बेशुद्ध करून पकडण्याची आणि तें न साधल्यास मारण्याची आज्ञा काढली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ती उचलून धरली आणि ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेंहि हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर रानांत जो लवाजमा उतरला तो जेव्होदांच्या घोडेस्वारांनाहि लाजविणारा होता. सुमारें दोनशें माणसें, शंभरावर स्वयंचलित कॅमेरे, भुलीच्या बंदुका, मध्य प्रदेशांतून व ताडोब्याहून आणलेले हत्ती, हैदराबादचे शिकारी शफाथ अली खान आणि त्यांचे पुत्र असगर अली. वरून टेहळणी करण्यासाठीं यंत्राचा पॅराग्लायडर आला. गोल्फपटु ज्योती रंधावा हे इटालियन जातीचे दोन कुत्रे घेऊन आले. त्याहून नवल म्हणजे विलायती अत्तर! ‘कॅल्व्हिन क्लाइन’ कंपनीच्या ‘ऑब्सेशन’ ह्या पुरुषांच्या अत्तरांत जवादि मांजराच्या कस्तुरीसारखा गंध असतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयांत २००३ सालीं केलेल्या प्रयोगांत चित्ते त्या गंधाशीं बराच वेळ रेंगाळल्याचें दिसलें होतें. तोच प्रयोग येथें झुडपांवर झाला. ज्या शेतकऱ्याच्या घरांत खोबरेल तेलाची बाटलीहि जपून वापरली जाते, त्याच्या बांधावर वाघिणीसाठीं ही उंची चैन शिंपडण्यांत आली.

येथपर्यंत ऐकून शहरी माणसास हंसूं येणें स्वाभाविक आहे, आणि वृत्तपत्रांनीं जगभर तें हंसूं पोंचविलेंहि. पण ऑक्टोबरच्या आरंभीं ताडोब्याहून आलेला गजराज नांवाचा हत्ती सांखळी तोडून पळाला आणि त्यानें वाटेंत एका स्त्रीचा जीव घेतला. माणसें वांचविण्यासाठीं निघालेल्या मोहिमेनेंच एक बळी घेतला. हत्ती परत धाडण्यांत आले. हास्याचा घांस घशांत अडकतो तो अशा ठिकाणीं.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीजवळ असगर अली ह्यांच्या गोळीनें वाघीण मेली. ती चालून आल्यामुळें आत्मरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असें शिकाऱ्यांचें म्हणणें. तर मोहिमेच्या अखेरच्या अंकांत नियमांचें उल्लंघन झालें, असा ठपका राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीनें ठेवला. दुसऱ्या दिवशीं आसपासच्या गांवांत फटाके उडाले, मिठाई वांटली गेली. दिवाळी चार दिवसांवर होती, ती आधींच आली. शहरांत मात्र मेणबत्त्या पेटल्या व निषेधाचे मोर्चे निघाले. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें न्यायालयाच्या अवमानाची एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढें आली. आनंदोत्सव गांवकऱ्यांनीं केला होता असें निदर्शनास येतांच ती मागें घेण्यांत आली. वाघिणीचें मादी पिल्लू डिसेंबर २०१८ मध्यें पकडून पेंचच्या रानांतील कुंपणांत वाढविण्यांत आलें. मार्च २०२१ मध्यें तें मोकळें सोडलें गेलें आणि त्याच महिन्यांत दुसऱ्या वाघाशीं झालेल्या झुंजीनंतर मरण पावलें.

ह्या प्रकरणांत कोण बरोबर व कोण चूक, हा निवाडा सोपा नाहीं. फटाके उडविणारा गांवकरी क्रूर नव्हता. दोन वर्षांनंतर तो प्रथमच निर्भयपणें शेतावर जाणार होता. मेणबत्ती लावणारा नागरिकहि ढोंगी नव्हता. दोन पोरक्या पिल्लांबद्दलची त्याची कळकळ खरी होती. दोघांत अंतर होतें तें शेताच्या बांधापासूनचें. धोका जितका दूर, तितकें हंसूं सोपें आणि करुणाहि सोपी. जेव्होदांचा पेंढा भरलेला लांडगा व्हर्सायमध्यें पाहणें आणि तोच लांडगा जिवंत असतांना त्याच्या रानांत पोराला गुरांमागें पाठविणें, ह्या दोन गोष्टी एकाच कथेच्या असल्या तरी एक नव्हेत.

शिकारीचें हंसें होतें तें शिकारी मूर्ख असतात म्हणून नव्हे. जो प्रश्न वर्षानुवर्षें साचत आलेला असतो तो एका रात्रींत, एका गोळीनें किंवा एका अत्तराच्या कुपीनें सुटावा अशी अपेक्षा धरली जाते, म्हणून तें होतें. गुरांच्या चाऱ्याची सोय, सरपणासाठीं रानांत जावें न लागणें, घरोघरीं शौचकूप, गुराख्यांनीं एकत्र जाणें, पहिल्याच हल्ल्यानंतर खात्याची धांव आणि विनाविलंब भरपाई, हीं सारीं कामें नीरस आहेत. त्यांवर चित्रपट निघत नाहीं आणि त्यांची छायाचित्रेंहि कोणी छापीत नाहीं. परंतु पहिल्या बळीनंतरच तीं झालीं असतीं, तर तेरापैकीं कांहीं घरांत आज माणूस उणें नसतें, आणि कदाचित् वाघीणहि जगली असती. वाघोबाच्या दगडापुढें वर्षांतून एकदां नैवेद्य ठेवणाऱ्या माणसास एवढें ठाऊक होतें कीं, शेजाऱ्याची आठवण तो दारीं येण्यापूर्वीं ठेवावयाची असते. ४४४ वाघांच्या महाराष्ट्रानें ही आठवण ठेवली नाहीं, तर पुढच्या मोहिमेची तयारी त्यास कधींहि करावी लागेल. आणि त्या मोहिमेंतहि हंसणारे दूर असतील, रडणारे बांधावर.