मिसिंग मारणाऱ्या मारुतीचा इतिहास

पिंप्राळ्यातून आजचा एपिसोड, विषय 'मिसिंग'. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबावा, गाडी क्षणभर अडकावी आणि मग झटका देऊन पळावी. समोरून दुसरा ट्रक येत असेल तर तो एक क्षण जीवावर बेततो. आणि गॅरेजला नेली की गाडी एकदम शहाणी! जुन्या एमपीएफआय मारुती ८०० चं हे दुखणं समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, कार्बोरेटर घेऊन. जेटमध्ये कचरा अडकला तर उघडा, फुंका, बसवा. मेकॅनिकचं काम कानावर चालायचं. मग दिल्लीच्या हवेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गाजलं आणि १९९९ मध्ये कोर्टाने राजधानी परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो निकषांची मुदत घालून दिली. त्या रेट्यात ८०० मध्येही इंजेक्शन आलं. निकाल दिल्लीचा, पण नवं तंत्र शिकायची वेळ गावोगावच्या गॅरेजवर आली.

आता पेट्रोल किती सोडायचं ते ईसीएम ठरवतो, सेन्सर सांगेल त्यावरून. थ्रॉटल सेन्सरची आतली पट्टी एका जागी झिजली, की पॅडल नेमकं तिथे आल्यावर सिग्नल तुटतो. व्हॅक्यूम पाइपची चीर, गंजलेला कनेक्टर, सैल अर्थिंग, तुंबलेला फिल्टर यांचंही लक्षण तेच.

मी सॉफ्टवेअरवाला. असा बग आला की आम्ही आधी लॉग बघतो. पण आपल्याकडे ओबीडी सक्तीचं होऊ लागलं २०१० पासून. त्याआधीच्या गाडीची आठवण तोकडी; दिवा लागला नाही म्हणजे बिघाड नाही, असं समजू नका.

मग लॉग आपणच ठेवायचा: इंजिन थंड होतं की गरम, चढ होता की सपाट, टाकीत पेट्रोल किती. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हात फॅन-बेल्टपासून लांब; मग चालू इंजिनवर सेन्सरचे कनेक्टर एकेक करून हलवा. इंजिन दचकलं तर चोर तिथेच. थ्रॉटल सेन्सरला मल्टीमीटर लावून पॅडल सावकाश दाबायला सांगा. व्होल्टेज सलग चढलं पाहिजे, मध्येच पडायला नको. आणि एका वेळी एकच पार्ट बदला, नाहीतर पैसे जातात आणि कारणही कळत नाही.

८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. उरलेल्या गाड्या टिकवायच्या तर जुन्या मिस्त्रीचा कान आणि मीटर, दोन्ही लागतील. तुमच्या गाडीतला चोर कुठे सापडला? व्हॉइस नोट नक्की पाठवा!