संदिग्ध वाक्यार्थग्रहण
लिखित वाक्याचे एकाहून अधिक अन्वय संभवत असता वाचकाच्या मेंदूत घडणारी अर्थनिश्चितीची प्रक्रिया. ‘गुरूंनी शिष्याला दिलेली पोथी वाचली’ या वाक्यात गुरू पोथी देणारे की वाचणारे, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही.

प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी हा प्रश्न महानुभाव पंथीयांपुढे उभा राहिला. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात (सु. १२७८) चक्रधरांच्या लीळा स्थळनिर्देशांसह आल्या असून बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर ही त्यांपैकी स्थळे होत. केसोबासाने त्यांतील चक्रधरोक्त वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. प्रसंगापासून तुटलेली ही त्रोटक वचने अनेकार्थी ठरू लागली. पंथाचा आचार त्यांवरच अधिष्ठित असल्याने हा केवळ शब्दच्छल नव्हता. अर्थभेद म्हणजे आचारभेदच. म्हणून प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ रचले गेले.

हस्तलिखितांत आणखी एक अडचण असते. शब्द सलग लिहिलेले असल्याने ‘तीनजाती’ ही अक्षरे ‘तीन जाती’ अशी तोडता येतात, तशीच ‘ती न जाती’ (ती जात नाहीत) अशीही. विरामचिन्हे मराठीत रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी. लीळाचरित्राची संपादित आवृत्ती (१९७८) सिद्ध करणारे वि. भि. कोलते (१९०८–९८) हे याच जिल्ह्यातील नरवेलचे. अशा संपादकाचा पदच्छेद हाही एक अर्थनिर्णयच असतो.

वाचक वाक्य संपण्याची वाट पाहत नाही. प्रत्येक शब्दागणिक तो अन्वय लावीत जातो. वरील वाक्यात ‘दिलेली’ हे धातुसाधित येताच आधीची मांडणी पुन्हा तपासावी लागते. अशा ठिकाणी डोळे अधिक काळ थबकतात वा मागे वळतात, हे लिन फ्रेझियर व कीथ रेनर यांनी इंग्रजी वाक्यांवरील प्रयोगांत नोंदविले (१९८२). मेंदूच्या विद्युत् आलेखात विसंगत अर्थाच्या शब्दानंतर सु. ४०० मिलिसेकंदांनी ऋण तरंग आढळतो (१९८०). फसलेला अन्वय बदलताना सु. ६०० मिलिसेकंदांच्या आसपास धन तरंग उमटतो (१९९२). या कार्यात डाव्या ललाटखंडाचा खालचा भाग व शंखखंड यांचा विशेष सहभाग असतो.

खरा वाद संदर्भाविषयी आहे. फ्रेझियर यांच्या मते वाचक आधी सर्वांत सोपी रचना स्वीकारतो व संदर्भाने ती मागाहून सुधारतो. जेरी ऑल्टमन व मार्क स्टीडमन यांनी (१९८८) पूर्वसंदर्भ प्रारंभिक निवडीतच सहभागी असल्याचे प्रतिपादन केले. सूत्रापूर्वी प्रसंग सांगणाऱ्या प्रकरणवशाची पद्धत या दुसऱ्या मताला अधिक जवळची म्हणावी लागेल.