ओळखीच्या फाइलींचे दफ्तर

पोलिसांच्या नोंदवहीत नाव चढते ते संशयिताचे. १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय उघडले, अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या ठशांचे वर्गीकरण बसवून दिले, तेव्हाही दफ्तरात जमा झाले ते मुख्यतः गुन्हेगारांचेच ठसे. सरळ वागणाऱ्याचा ठसा जपून ठेवायला कारणच नव्हते. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी अमेरिकेत तपासाच्याच कामासाठी आणखी एक दफ्तर उभे राहिले आणि त्याची तऱ्हा नेमकी उलटी होती. बाजारात उघड विकत मिळणाऱ्या, लाखो संगणकांवर सापडणाऱ्या, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा फाइलींची त्यात नोंद व्हायची: वर्ड प्रोसेसरच्या, प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या, खेळांच्या, फॉन्टच्या. मेरीलँड राज्यातल्या गेदर्सबर्गला निस्ट ही सरकारी मानकसंस्था आहे. तिच्या छत्राखालच्या या दफ्तराचे नाव नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी. त्याची गोष्ट सांगताना सगळे श्रेय हॅशच्या, म्हणजे फाइलच्या मजकुरातून काढलेल्या आकड्याच्या, गणिताला देण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. हे दफ्तर टिकले ते कपाटांमुळे, लेबलांमुळे आणि ग्रंथपालाच्या चिकाटीमुळे. गणिताचा वाटा मोठा आहे, पण तो दुसरा.

मुळात अडचण ढिगाची होती. १९९० च्या दशकात जप्तीत संगणक येऊ लागले आणि एकेका हार्ड डिस्कवर हजारो फाइली निघू लागल्या. त्यांतल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणि विकतच्या सॉफ्टवेअरच्या. संशयिताने स्वतः लिहिलेले, साठवलेले, लपवलेले असे त्यात थोडेच असायचे. तपास अधिकाऱ्याने आधी काय बाजूला काढावे? फाइलच्या नावावर विसंबता येत नाही, कारण चोरीच्या हिशेबाच्या फाइलला विंडोजच्या एखाद्या डीएलएलचे नाव द्यायला दोन सेकंद लागतात. आकार जुळला म्हणूनही काही सिद्ध होत नाही. आतला मजकूर जसाच्या तसा आहे का, एवढेच विचारणारी खूण हवी होती आणि ती दुसऱ्याच कामासाठी तयार होऊन पडली होती. एमआयटीतल्या रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये एमडी५ रचले आणि एप्रिल १९९२ मध्ये त्याचा तपशील प्रसिद्ध झाला. फाइल केवढीही असो, त्यातून १२८ बिटांचा, म्हणजे बत्तीस चिन्हांत लिहिता येणारा एकच आकडा निघतो. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी सगळा आकडा पालटतो. रिव्हेस्ट यांच्या डोळ्यांसमोर डिजिटल सही होती, पोलीस नव्हते. त्याच १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी ट्रिपवायर लिहिले. आपल्या यंत्रावरच्या फाइलींचे आकडे आधी काढून ठेवायचे आणि पुढे वेळोवेळी ताडून पाहायचे, म्हणजे कोणी हात लावला असेल तर कळते. हा घरचा बंदोबस्त झाला. दुसऱ्याच्या, कधी न पाहिलेल्या यंत्रावर तीच युक्ती लावायची तर ताडून पाहायला यादी कुठून आणायची?

पहिले ठळक उत्तर अमली पदार्थांच्या तपासातून आले. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन इथल्या नॅशनल ड्रग इंटेलिजन्स सेंटरमध्ये १९९६ च्या सुमारास हॅशकीपर नावाचा डेटाबेस तयार झाला. नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे एमडी५ आकडे त्यात साठवले जात. जप्त डिस्कवरच्या फाइलींचे आकडे काढून त्याच्याशी ताडले, की जुळतील त्या बाजूला आणि उरतील त्या माणसाने पाहायच्या. कल्पना फक्कड होती आणि तपासाच्या विकाऊ सॉफ्टवेअरमध्येही ती लवकरच शिरली. पण नुसत्या आकड्यांच्या यादीत एक खोट असते. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत विचारले, की ही फाइल अमुक कंपनीच्या अमुक आवृत्तीतली आहे हे तुम्हाला कसे कळले, तर यादीकडे उत्तर नसते. कुणीतरी कुठल्यातरी यंत्रावर आकडा काढला, एवढेच सांगता येते. ते यंत्र स्वच्छ होते का, डिस्क अस्सल होती का, आवृत्ती नीट लिहून घेतली का, यातले काहीही त्या बत्तीस चिन्हांतून परत काढता येत नाही.

निस्टने ही खोट ओळखली. अमेरिकी न्याय खात्याची संशोधन शाखा, एफबीआय, संरक्षण खाते आणि सीमाशुल्क विभाग यांच्या पाठबळावर शतक पालटताना काम सुरू झाले आणि २००१ मध्ये यादीची पहिली आवृत्ती निघाली. इथली कामाची पद्धत जवळून पाहण्याजोगी आहे. सॉफ्टवेअर विकत घेतले जाते किंवा कंपनी ते देते. खोक्यावर क्रमांक पडतो. उत्पादनाचे नाव, आवृत्ती, निर्माता, भाषा, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते हे नोंदवले जाते. मग सीडीची किंवा फ्लॉपीची बिट-न-बिट प्रत काढतात, दाबून बांधलेल्या फाइली उलगडतात, त्यांच्या पोटात आणखी गठडी असली तर तीही सोडतात आणि प्रत्येक फाइलचे आकडे काढतात. मूळ डिस्क खोक्यासकट कुलूपबंद कपाटात जाते, न्यायालयाने मागितलीच तर दाखवता यावी म्हणून. आपल्याकडे मुद्देमालाला चिठ्ठी लावून लाखेची मोहोर करतात, त्याच जातीची ही काळजी आहे. फरक इतकाच, की हा माल कुणाकडून जप्त झालेला नाही, दुकानातून रीतसर पावती घेऊन आणलेला आहे.

यादीतली एक ओळ पाहिली की या संस्थेचा स्वभाव कळतो. अनेक वर्षे वापरात असलेल्या साच्यात एका ओळीत आठ रकाने होते: शा-१, एमडी५, सीआरसी३२, फाइलचे नाव, बाइटांत आकार, उत्पादनाचा क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिमचा क्रमांक आणि शेवटी एक खास खुणेचा रकाना, बहुधा रिकामाच. पहिले तीन रकाने वेगवेगळ्या रीतींनी काढलेल्या आकड्यांचे, म्हणजे गणिताचे, पुढचे सगळे ग्रंथपालाचे. गंमत म्हणजे ज्या फाइलीत काहीच नाही तिलाही आकडा असतो. शून्य बाइटच्या फाइलचा एमडी५ ‘डी४१डी८सीडी९८एफ’ असा सुरू होतो आणि जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच येतो. ती फाइल अगणित उत्पादनांत अगणित नावांनी सापडते. आकड्याच्या दृष्टीने त्या सगळ्या एकच. कोणती कुठून आली हे फक्त मागचे रकाने सांगू शकतात.

त्या शेवटच्या रकान्यात कधीकधी घातक सॉफ्टवेअरची खूण असे. म्हणजे या दफ्तरात सगळेच सज्जन नाहीत. चित्राच्या पोटात मजकूर दडवणारी साधने, पासवर्ड फोडणारी साधने, हॅकिंगच्या स्क्रिप्टही त्यात आहेत, कारण त्याही बाजारात मिळतात. निस्टने आपल्या यादीला कधीच ‘चांगल्या फाइलींची यादी’ म्हटले नाही. ‘ज्ञात’ हाच शब्द धरून ठेवला. ओळखीचा माणूस चारित्र्यवान असतोच असे नाही, तसेच हे. पण ओळख पटली की त्याच्यामागे रात्र घालवायची की नाही, ते ठरवता येते. या रचनेचा आणखी एक फायदा आहे आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. वाईट फाइलींची यादी केली तर गुन्हेगाराला एक बिट बदलून निसटता येते. ओळखीच्या फाइलींच्या यादीत उलटे घडते. एक बिट बदलला की फाइल अनोळखी ठरते आणि माणसाच्या नजरेखाली येते. चूक झालीच तर कामाचा भार वाढतो, पुरावा सहसा हरवत नाही.

यावर पहिला आक्षेप गणितज्ञांचा असेल आणि तो बिनतोड वाटतो. ऑगस्ट २००४ मध्ये सांता बार्बरा इथल्या क्रिप्टो परिषदेत शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५ चा आकडा एकच येईल अशा वेगवेगळ्या मजकुरांच्या जोड्या दाखवल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने शा-१ एकच असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगापुढे ठेवल्या. पायाच खचला तर इमारत कशी उभी राहते? उत्तराचा अर्धा भाग गणितातच आहे. वांग यांनी दोन्ही मजकूर स्वतः घडवले होते. आधीच कपाटात गेलेल्या एखाद्या फाइलचा आकडा धरून, त्याच्याशी जुळणारी दुसरी फाइल घडवणे हे कितीतरी अवघड काम आहे आणि एमडी५ च्या बाबतीतही ते आजवर व्यवहारात कोणाला साधलेले नाही. शिवाय ओळीत तीन वेगळे आकडे आणि आकार आहेत, ते सगळे एकदम जुळवावे लागतील. उत्तराचा दुसरा अर्धा भाग कपाटात आहे. नुसते एमडी५ चे आकडे साठवणाऱ्याकडे एमडी५ गेल्यावर हाती काहीच उरत नाही, कारण जुन्या आकड्यातून नवा आकडा काढता येत नाही. ज्याच्याकडे मूळ डिस्क आहेत तो पुन्हा बसतो आणि नव्या रीतीने सगळे आकडे काढतो. पुढे ही यादी एसक्यूलाइट डेटाबेसच्या रूपात निघू लागली आणि तिच्यात शा-२५६ आला, तो असा. खुद्द निस्टने २०२२ अखेर जाहीर केले, की २०३० संपेपर्यंत शा-१ वापरातून काढायचा. दफ्तराला त्याने धक्का बसत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. कंपन्या आता आपल्या सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करतात. सही तपासली की झाले, खोकी कशाला सांभाळायची? पण सही कोणाची आहे एवढेच सहीवरून कळते. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या अस्सल प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. ती चोरीला गेलेली होती. २०१२ च्या फ्लेम या तशाच घातक सॉफ्टवेअरने एमडी५ च्या त्याच दुबळेपणाचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्टचेच वाटेल असे प्रमाणपत्र बनवले. २०२० च्या डिसेंबरात सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण बाहेर आले, तिथे तर कंपनीच्याच खऱ्या सहीने घातक कोड ग्राहकांकडे गेला. मान्य, की सोलरविंड्सची ती आवृत्ती कपाटात आली असती तर तीही ‘ज्ञात’ म्हणूनच नोंदली गेली असती. पण मग तो घातक कोड कोणत्या आवृत्तीत आला, आधीच्या आवृत्तीत त्या जागी काय होते, हे दाखवायला दोन्ही खोकी शेजारी असती. अमेरिकेत २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी इलेक्शन असिस्टन्स कमिशनने मतदान यंत्रांच्या कंपन्यांना आपले सॉफ्टवेअर याच ग्रंथालयात जमा करण्याचे आवाहन केले, त्यामागेही हाच विचार होता. यंत्रात आहे ते तपासून मंजूर केलेलेच आहे का, हे कंपनीच्या शब्दावर सोडायचे नव्हते. मंजूर केलेले बरोबर होते का, हा प्रश्न अर्थातच वेगळा राहतो.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. खोक्यातले सॉफ्टवेअर संपत आले. आज ॲप फोनवर उतरते, आठवड्याला बदलते, कधी रातोरात. कपाट या वेगाला पुरे पडणार कसे? पूर्ण पडत नाही, हे कबूल करायला हवे. निस्टने डाउनलोड होणारे खेळ आणि मोबाइलची ॲपही गोळा करायला घेतली आहेत, तरी शर्यतीत यादी मागेच असणार. शिवाय विकत आणले तेवढेच दफ्तराला ठाऊक असते. पुण्यातल्या एखाद्या डीटीपीवाल्याच्या संगणकावर मराठी टंकलेखनाच्या जुन्या आवृत्त्या आणि त्यांचे फॉन्ट शेकड्यांनी निघतील. गेदर्सबर्गच्या यादीत ते नसले तर इथल्या तपासनिसासमोर तो सगळा ढीग अनोळखी म्हणून उभा राहील. म्हणून प्रत्येक प्रदेशाने आपले दफ्तर ठेवावे, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो. आणि जुने टाकून द्यावे असे तर मुळीच नाही. स्टीफन कॅब्रिनेटी या तरुण संग्राहकाने जमवलेली सुमारे पंधरा हजार सॉफ्टवेअर, बरीचशी जुन्या घरगुती संगणकांवरच्या खेळांची, त्याच्या मृत्यूनंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे आली. त्या फ्लॉप्या आणि कॅसेटी झिजून जाण्याआधी त्यांच्या प्रती काढण्याचे काम स्टॅनफर्डने निस्टच्या याच ग्रंथालयाच्या जोडीने केले. गुन्ह्याच्या तपासासाठी बसवलेली शिस्त इतिहासकाराच्या कामी आली, याचे मला नवल वाटत नाही. मूळ वस्तू जपणे आणि ती कुठून आली ते लिहून ठेवणे ही दोघांचीही पहिली गरज.

न्यायालयांनीही आकड्याकडे कधी निव्वळ गणित म्हणून पाहिलेले नाही. पेनसिल्व्हेनियातल्याच एका संघराज्य न्यायालयाने २००८ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रिस्ट’ या खटल्यात ठरवले, की फाइली उघडून न पाहता डिस्कभर नुसते हॅश काढणे हीसुद्धा झडतीच आहे आणि तिला वॉरंट लागते. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात छापला आहे. त्यात हॅश मूल्य लिहायचे आणि ते शा-१, शा-२५६, एमडी५ की आणखी कशाने काढले त्यावर खूण करायची. एमडी५ तिथे ठेवायला नको होता असे माझे मत आहे. ग्रंथालयाच्या कपाटातली फाइल तिऱ्हाइताने बनवलेली असते, पण खटल्यात फाइल देणारा पक्षकार स्वतःच ती घडवणारा असू शकतो आणि वांग यांची युक्ती नेमकी अशाच माणसाच्या उपयोगाची आहे. बाकी नमुना करणाऱ्याला मर्म कळलेले दिसते. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आकड्याच्या रकान्याआधी दोघांनाही नोंद कोणत्या वस्तूतून घेतली ते लिहावे लागते: मोबाइल, पेन ड्राइव्ह, सीडी की सर्व्हर, त्याची कंपनी आणि मॉडेल, अनुक्रमांक आणि रंगसुद्धा.