खडावांच्या पोटातली पादुका

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या झान्से स्खान्सला युरोपच्या सहलीतले मराठी काका-काकू हमखास एक फोटो काढून घेतात. होडीएवढ्या पिवळ्याधमक लाकडी बुटात दोघं बसलेली, मागे पवनचक्की. तिथल्या कारखान्यात लाकडाच्या ओंडक्यातून बूट कसा कोरतात, तेही दाखवतात. ज्यांना हौस असते ते हत्यार हातात घेऊन बघतात. आणि घरी परतल्यावर पाहुण्यांना फोटो दाखवताना हटकून सांगितलं जातं, "ह्या तिकडच्या खडावा."

खडावा? खडावेला तळ असतो आणि अंगठा व शेजारचं बोट यांच्यात धरायची खुंटी असते, बस्स. वरून पाय उघडा. डचांचा बूट ही लाकडाची बंद पेटी. चिखल, पाणी, थंडी, गाईचा खूर, सगळं बाहेर ठेवणारी. दोन्हींत सारखं काय, तर लाकूड. पण शब्दांच्या बाबतीत हे लाकूडच महत्त्वाचं ठरलं. डच लोक त्या बुटाला क्लॉम्प म्हणतात, आणि क्लॉम्प म्हणजे मुळात ठोकळा. इंग्रजीतला क्लॉगही तसाच. आधी नुसता ओंडका, मग जनावराने पळू नये म्हणून त्याच्या पायाला बांधायचा ओंडका, आणि त्यानंतर कधीतरी लाकडी तळाचा जोडा. हा मधला ओंडका आपल्याला परका नाही. ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवतात ते लोढणं. इंग्रजांनी त्याचं पायताण केलं. आपण ते माणसाच्याच गळ्यात बांधलं आणि नकोशा जबाबदारीचा वाक्प्रचार केला.

फ्रेंचांचा लाकडी बूट म्हणजे साबो. त्यावरून 'सॅबोटाज' कसा आला याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. संतापलेल्या कामगारांनी आपले लाकडी बूट यंत्रांत फेकले, यंत्रं बंद पडली, शब्द जन्माला आला. गोष्ट झकास आहे आणि खोटी आहे. साबो घालून माणूस धड चालत नाही, खडखडत, अडखळत चालतो. त्यावरून गबाळं, बिघडवलेलं काम करण्याला फ्रेंचांत एक क्रियापद रूढ झालं, आणि कामगार चळवळीने मुद्दाम काम बिघडवण्यासाठी तेच उचललं. 1910च्या सुमाराला हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत पोचला. यंत्रात बूट फेकण्याची कथा नंतर चिकटवलेली. मराठीत मात्र याला तोडीस तोड शब्द आयता आहे आणि त्यामागे कथा रचावी लागत नाही. खोडा म्हणजे कैद्याचे पाय ज्याच्या भोकांत अडकवत ते लाकूड. पायात लाकूड आलं की चालणं थांबतं. म्हणून आपण दुसऱ्याच्या कामात खोडा घालतो.

रचलेल्या व्युत्पत्तींना हसायचा अधिकार तसा आम्हा दक्षिण महाराष्ट्रातल्या लोकांना नाहीच. सातारा म्हणजे सात डोंगर, सांगली म्हणजे सहा गल्ल्या, हे आम्ही शाळेपासून बिनधास्त सांगत आलो आहोत. गल्ल्या मोजायला कोणी गेलं नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 साली छापला तो साताऱ्यातल्या वाईला. इतिहासाच्या कागदाबाबत अतिशय कडक असलेला हा माणूस व्युत्पत्ती मांडायला बसला की अशा काही उड्या घ्यायचा की वाचणाऱ्याने खुर्ची धरून बसावं.

खडाव या शब्दालाही अशी एक सोपी वाट आहे. चालताना खटखट वाजते ती खडाव. कानाला पटतं. दगडी ओसरीवरून कुणी खडावा घालून गेलं असेल तर जास्तच पटतं. पण दुसरी वाट अधिक पक्की आहे, ती काष्ठपादुकेची. काष्ठचं प्राकृतात कट्ठ झालं, ज्याच्या कुळातली आपली काठी. पादुकेतले द आणि क झिजून गेले आणि पाउआसारखं काहीतरी उरलं. दोन्ही एकत्र आल्यावर ठमधला हकार पुढे सरकून कला चिकटला आणि ख झाला. असं सरकणं भाषेत नवलाचं नाही. गृहमधला ह असाच पुढे जाऊन गला मिळाला आणि घर झालं. शेवटी हिंदीत खड़ाऊँ राहिलं आणि मराठीत खडाव.

म्हणजे खडावेच्या शेवटचा तो 'आव' ही अख्खी पादुकाच आहे, उंबऱ्याच्या पायरीसारखी झिजलेली. एकाच संस्कृत शब्दाची दोन रूपं मराठीत नांदतात. एक झिजलेलं, अंगणात आणि ओसरीवर वावरणारं. दुसरं जसंच्या तसं, गाभाऱ्यात ठेवलेलं. झिजलेलं वापरायचं आणि न झिजलेलं पुजायचं, ही वाटणी कुणी ठरवून केली नाही, पण ती इतकी पक्की आहे की लाकूड तेच असलं तरी नाव बदलतं.

हे पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात समोरच पाहायला मिळालं. एका सुताराच्या कामाजवळ जाऊन बसलो होतो. मिस्त्री वयाने बरेच मोठे, आणि हात मात्र तरण्या माणसाला लाजवील असा. एका मठासाठी सागाचा जोड चालला होता. पायाचं माप घेतलेला कागद ठोकळ्यावर ठेवून त्यांनी पेन्सिलीने कड मारली, करवतीने बाहेरचा भाग उडवला आणि वाकस घेतली. तळाखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन उभे भाग ठेवायचे आणि मधलं लाकूड तासून काढायचं. त्यावर खडाव चिखलापासून वर उचलली जाते. मी मागितल्यावर त्यांनी वाकस माझ्या हातात दिली.

"पाव्हणं, जोर न्हाई लावायचा. वाकशीचा तिचा तिला जोर हाय. तुमी निसती वाट दावा."

वाट दाखवायला गेलो तर पातं लाकडाच्या रेषेत घुसून बसलं. वाकस तासायला असते, फोडायला नव्हे, हे हाताला कळायला वेळ लागतो. मिस्त्रींनी ती सोडवून घेतली, तुकडा उलटा फिरवला आणि रेषांच्या कलाने तासायला लावलं. मग पातळ सोलपटं निघाली, वासाची, गुंडाळत जाणारी. झान्से स्खान्सचा कारागीर पॉप्लर किंवा विलोचं लाकूड ओलंच कोरतो, कारण ओलं लाकूड लोण्यासारखं नसलं तरी निदान ऐकतं. बूट कोरून झाला की वाळवायचा. विलोची आपल्याकडची बहीण म्हणजे नदीकाठी उगवणारं वाळुंज, पण त्याची खडाव करायचं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. इथे साग किंवा शिसव.

खुंटीचं काम मला करू दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तळाला गिरमिटाने भोक पाडून पटाशीने ते जरा पसरट केलं. गिरमिट हा इंग्रजी गिमलेटचा मराठी अवतार. मजुरांना मॉरिशस-फिजीला नेणारा गिरमिट, तो अ‍ॅग्रीमेंटचा, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि पलीकडे हुबळीत मुरमुऱ्यांचं गिरमिट खातात तेही वेगळंच. असो. खुंटीचं लाकूड खडखडीत वाळलेलं घ्यायचं. तळ थोडा ओलसर असला तर वाळताना तो खुंटीभोवती आवळत जातो. खालून पाचर मारायची. सगळा भार त्या बोटभर खुंटीवर. ती सैल झाली तर खडाव म्हणजे नुसती फळी.

"हा जोड घालून मठात कोण चालणार?" मी विचारलं.

"घालनार कोन? पादुका हाईत त्या. पूजंच्या." आणि कोपऱ्यातल्या, कडा घासलेल्या दुसऱ्या जोडाकडे बोट करून, "खडावा त्या. माज्या."

दोन्ही जोड एकाच मापाचे, एकाच हातचे.

पादुकेचा प्रवास इथे थांबत नाही. संस्कृतात पादुका म्हणजे पायात घालायची वस्तू. अमरकोशाने पादू, पादुका आणि उपानह् एकाच दमात मोजले आहेत. भरताने सिंहासनावर ठेवल्या त्याही रामाच्या पायातल्याच. सज्जनगडावर समर्थांच्या पादुका आहेत, आणि तिथून दर वर्षी त्या गावोगाव दौऱ्यावर निघतात. इथवर शब्द आपल्या मूळ अर्थाला धरून आहे, पाय नसले तरी पायाची वस्तू आहे. पण पलूस तालुक्यातल्याच औदुंबरला या. कवी सुधांशूंचं हे गाव. नृसिंह सरस्वतींनी इथे चातुर्मास केला आणि इथल्या पादुकांना विमल पादुका म्हणतात. नदीने थोडं खाली नरसोबाच्या वाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. आता पादुका म्हणजे दगडावरचं पाऊल. वस्तू गळाली आणि तिच्यातला पाय उरला. अशा दगडी पादुकांवर बोटंसुद्धा कोरलेली असतात, आणि कुणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

आषाढात ज्ञानेश्वरांच्या पादुका नीरेत स्नान करून पाडेगावला सातारा जिल्ह्यात शिरतात. मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतरावबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे. पालखीत असतात त्या चांदीच्या पादुका, त्यांना आंघोळ घातली जाते, त्यांना नैवेद्य दाखवला जातो. वाटेवरचा माणूस "पादुका आल्या" म्हणत नाही. तो "माउली आली" म्हणतो. जोड्यापासून निघालेला शब्द पाऊल झाला आणि शेवटी माणूसच होऊन बसला.

आणि याच भागात, याच माणसांच्या तोंडी वहाणेची काय गत आहे? पायीची वहाण पायीच बरी. वहाण मुळात उपानह्. नह् म्हणजे बांधणे, तेव्हा पायाशी बांधलेली ती उपानह्. पालीत न आणि ह यांनी जागा बदलून उपाहना झालं, पुढे सुरुवातीचा उ गळाला आणि वहाण उरली. एक संस्कृत शब्द डोक्यावर चढला, दुसरा म्हणीत तुडवला गेला. कारण व्याकरणात शोधून सापडणार नाही. वहाण कातड्याची आणि खडाव लाकडाची. सोवळ्यात कातडं चालत नव्हतं, लाकूड चालत होतं. सुताराच्या हातची वस्तू देवघरात गेली, चर्मकाराच्या हातची दाराबाहेर राहिली, आणि शब्दांनी निमूटपणे तीच जात पाळली. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे घेतले: कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. कर्नाटकातलेही चार. हे कसब आता सरकारी कागदावर सन्मानाने आलं आहे. म्हण अजून तीच आहे.

बोलीत इकडे वहाण फारशी ऐकूही येत नाही. पायताण चालतं. पादत्राण झिजून पायतण, त्याचं आमच्या तोंडी पायताण. ते घालायला जितकं उपयोगी, तितकंच उगारायला. फारसीतून पापोश आला, पाय झाकणारा. त्यांचा पा आणि आपला पाय लांबचे भाऊच, म्हणून मराठीने त्याला लगेच पायपोस करून घरात घेतलं आणि गोंधळ वर्णन करायला बसवलं: कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. पोर्तुगीजांच्या सापातूवरून सपाता आल्या. स्पॅनिशांचा जोडा, फ्रेंचांची जुनी चप्पल, ही त्याच कुळातली, आणि वर आलेल्या साबोतही याच घराण्याचं रक्त आहे असं मानतात.

डचांकडून मात्र पायाला काही आलं नाही. माणसं आली होती. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात त्यांची वखार होती. त्यांचं नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतलं. ओलांदेज ऐकून वलंदेज केलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत वलंदेज आहेत, डेन्मार्कचे डिंगमार आहेत. वेंगुर्ल्याच्या लाल मातीत पावसाळ्यात क्लॉम्प घालून कुणी फिरलंच असेल, तर कोकणी माणसाने तो पाहिला, हसला आणि अनवाणी पुढे गेला असणार.

तो शब्द आला असता तर त्याला लिंग कुठलं मिळालं असतं, हा माझा आवडता रिकामा उद्योग. कारण मराठीचा इथे एक बराचसा पक्का नियम दिसतो. उघडं पादत्राण स्त्रीलिंगी: वहाण, चप्पल, खडाव, पादुका, स्लीपर. बंद ते पुल्लिंगी: जोडा, बूट, चढाव, मोजासुद्धा. पायताण दोन्हींना पुरणारं म्हणून नपुंसकलिंगी. त्या हिशोबाने क्लॉम्प पुल्लिंगी, शंकाच नाही. त्याचा रबरी नातू मात्र पंचाईत करतो. पुढून बंद, मागून उघडा, वर भोकं. अमेरिकेत त्याला क्लॉगच म्हणतात. सांगलीत मारुती रोडवर त्याला क्रॉक्स म्हणतात, कंपनी कुठलीही असो. तिथे एका आईने मुलाला विचारलेलं ऐकलं, "दुसरी क्रॉक्स कुठं टाकलीस रे?" टाच उघडी आहे म्हटल्यावर तिच्या लेखी ती चप्पलच.